जुलाबाच्या औषधाची जप्ती

आजार तरी आपला स्वतःचा असावा, एवढीच काटेसाहेबांची माफक अपेक्षा होती. त्यांनी फ्रिज घेतला की महिन्याभरात साडूकडे एक दार जास्त असलेला फ्रिज यायचा. त्यांनी चष्म्याला सोनेरी काड्या बसवल्या, तर साडूने डोळ्यांचं ऑपरेशन करून चष्माच काढून टाकला. त्यांची मुलगी पोहायला शिकली, त्याच सुट्टीत साडूच्या मुलाने पोहण्याच्या शर्यतीत कप आणला. तेवीस वर्षं हे चाललं होतं. त्यात सासरे असे, की गावात आले की उतरायचे काटेसाहेबांकडे आणि कौतुक करायचे धाकट्या जावयाचं. पण मोठं आतडं ही काही दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. निदान तिथे तरी आपली मक्तेदारी राहील, असं काटेसाहेबांना वाटलं होतं.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटं माप दिसलं की जागच्या जागी जप्त करायचे. त्यामुळे बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायला लागला, मग गल्ली, आणि शेवटी सासुरवाडी. बायको तेवढी अजून ‘अहो’वर टिकून होती.

दोन वर्षांपूर्वी काटेसाहेबांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की सख्ख्या भावाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. काटेसाहेबांनी ती दीड वर्ष पुढे ढकलली. आधी मार्चअखेर होती, मग बदलीची अफवा होती, मग मुलीची परीक्षा होती. खरं कारण एकच, भीती. पण भीती वाटते असं सांगणाऱ्या निरीक्षकाला कोण दुकानदार घाबरणार? शेवटी बायकोने जेवणाच्या टेबलावर दादांचा फोटो आणून ठेवला, आणि काटेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पुढच्या गुरुवारची सकाळी दहाची वेळ घेतली.

बायकोने हे बहिणीला सांगितलं. बहिणीने नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी साडूचा फोन आला.

“साडूभाऊ, आम्ही पण करतोय! त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांकडे. मला साडेनऊची वेळ मिळाली. तुमची?”

“दहाची.”

“उत्तम! म्हणजे मी पुढे जाऊन रस्ता मोकळा करून ठेवतो.”

काटेसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाला साधी ढेकर अडली नाही, तो माणूस आपल्या घरच्या दुखण्यात भागीदार व्हायला आला, आणि तोही अर्धा तास आधी! बायको म्हणाली, “अहो, बरंच झालं की. सोबत होईल.” सोबत हा शब्द काटेसाहेबांनी त्या दिवसापासून टाकला.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच बोलावून पूर्वतयारी समजावली. रक्ताच्या तपासण्या दोघांच्याही ठीक होत्या.

“पोट साफ करायच्या दोन पद्धती आहेत,” डॉक्टर म्हणाले. “एक पावडर, दोन लिटर पाण्यात कालवायची. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. किंवा या दोन छोट्या बाटल्या. एक संध्याकाळी, एक पहाटे, आणि वर भरपूर साधं पाणी. परिणाम सारखाच. फक्त एक लक्षात ठेवा, पहाटेचा डोस चुकवायचा नाही. रात्री कितीही साफ झाल्यासारखं वाटलं तरी नाही. तयारीला आम्ही गुण देतो, नऊपैकी.”

नऊपैकी! डॉक्टर हे सहज बोलून गेले. पण दोन्ही साडूंनी एकमेकांकडे पाहिलं.

“बाटल्या,” साडू पटकन म्हणाला.

काटेसाहेब म्हणाले, “मी अभ्यास करून सांगतो.”

अभ्यास म्हणजे खरोखर अभ्यास. काटेसाहेबांनी कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले: पद्धत, द्रवाचं प्रमाण, चव, संडासातला अंदाजे मुक्काम, शिफारस करणाऱ्याचं नाव आणि त्याची विश्वासार्हता. मग ते शिफारशी गोळा करायला बाहेर पडले. आता पोट या विषयावर ज्याला काही सांगायचं नसतं असा शेजारी अजून जन्मायचा आहे.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांनी दोन्ही पद्धती एका वाक्यात नापास केल्या. “एरंडेल! आमच्या वेळी एरंडेल पाजलं की पोरगं तीन दिवस खरं बोलायचं.”

समोरचा शिंपी या बाबतीत अनुभवी निघाला. सहा वर्षांपूर्वी त्याची तपासणी झाली होती. “साहेब, दोन लिटर म्हणजे मुलांचा खेळ झाला. मी चार लिटरवालं घेतलं होतं. कमरेत दीड इंच उतरलो. आधीचं माप, नंतरचं माप, दोन्ही लिहून ठेवलंय. वही दाखवू?”

काटेसाहेबांनी वही पाहिली. खरंच दीड इंच होता. शिंप्याच्या चेहऱ्यावर मोहिमेवरून परतलेल्या माणसाचा भाव होता, आणि काटेसाहेबांना त्याचाही हेवा वाटला. आपल्या वाट्याला नेमका दोन लिटरचा जमाना यावा ना!

चार दिवसांत वहीत सात पद्धतींची नोंद झाली. साडूच्या नावापुढे विश्वासार्हतेच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली. मग सर्व बाजूंनी विचार करून त्यांनी पावडर निवडली. द्रवाचं प्रमाण जितकं मोठं तितकी मोजमापातली चूक कमी, असं शास्त्रीय कारण ते सगळ्यांना देत. साडूने बाटल्या निवडल्या होत्या हे खरं कारण त्यांनी वहीतसुद्धा लिहिलं नाही.

बुधवारी दुपारी घरी यायचं म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला. कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं तर हेडक्लार्कने अर्ज परत केला, नवीन नियमाप्रमाणे कारण सविस्तर हवं. काटेसाहेबांनी लिहिलं, ‘मोठे आतडे रिकामे करणे’. अर्ज चार टेबलं फिरला, म्हणजे चार टेबलांनी तो मोठ्याने वाचला, आणि संध्याकाळची सुट्टी व्हायच्या जरा आधी मंजूर होऊन आला. वर साहेबांचा शेरा होता: ‘सदर काम कार्यालयीन वेळेबाहेर होऊ शकते का, खुलासा करावा.’ खुलासा न करता काटेसाहेब घरी आले. पोटात सकाळपासून नुसतं गाळलेलं सूप होतं, आणि डोकं भणभणत होतं.

सहा वाजता त्यांनी औषध कालवायला घेतलं. पावडरबरोबर खालच्या केमिस्टने प्लास्टिकचा एक जार दिला होता, त्यावर दोन लिटरची निळी रेघ होती. पावडर ओतली, रेघेपर्यंत पाणी भरलं, झाकण लावून ढवळलं. पहिला पेला भरणार, एवढ्यात त्यांची नजर त्या रेघेवर स्थिरावली. तीस वर्षं रेघा बघण्यात घालवलेल्या माणसाला रेघ खोटी असली की ती दातात अडकल्यासारखी खुपते.

“अहो, प्या ना आता,” बायको म्हणाली. “सहा वाजून गेले.”

“थांब. ही रेघ वर आहे.”

त्यांनी बॅगेतून सरकारी शिक्क्याची पितळी मापं काढली. जारमधलं औषध एकेक माप करून पातेल्यात ओतलं. दोन लिटर झाले तरी जारच्या तळाशी काही उरलंच होतं. तेही मोजलं. नव्वद मिलिलिटर जास्त!

“जास्तच आहे ना? मग तक्रार कसली?”

“खोटं ते खोटंच. जास्त असो की कमी,” काटेसाहेब म्हणाले. पण आत काही वेगळंच जळत होतं. साडूच्या बाटल्या कारखान्यातून मोजून-मापून आल्या असणार, आणि आपल्या नशिबी मात्र नव्वद मिलिलिटरने पातळ झालेलं औषध! असा माणूस नऊ गुण आणणार कुठून?

पुढे जे घडलं त्याला सवय म्हणायचं की हात दाखवून अवलक्षण, हे ज्याने त्याने ठरवावं. काटेसाहेबांनी औषध जारमध्ये परत ओतलं आणि पंचनामा करायला घेतला. पंच म्हणून मुख्याध्यापिका आणि शिंपी यांना बोलावलं. ‘प्लास्टिकचा जार एक, आत किंचित गढूळ द्रव, वास लिंबासारखा,’ इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं.

“चव काय लिहिलीत? आंबट-गोड? मी चाखल्याशिवाय सही करणार नाही. आयुष्यात खात्री केल्याशिवाय सही केली नाही मी.”

त्यांनी एक चमचा घेतला आणि ‘आंबट-गोड’ खोडून ‘खारट’ करवून घेतलं. शिंप्याने मात्र जुन्या आठवणींनी भारावून चांगला पाऊण पेला रिचवला. दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं. मग काटेसाहेबांनी जारला कापड गुंडाळलं, सुतळी बांधली, लाख वितळवून वर खात्याचा शिक्का उठवला. नोटिशीची प्रत स्वतः खाली जाऊन केमिस्टच्या हातात दिली. सव्वासात वाजता ते समाधानाने वर आले.

बायको टेबलाशी बसून त्या जारकडे बघत होती. तिने शांतपणे विचारलं, “आता तुम्ही पिणार काय?”

काटेसाहेबांनी जारकडे पाहिलं, मग वरच्या लाखेकडे.

“सील फोडा ते.”

“सील फोडणं गुन्हा आहे.”

“तुम्हीच लावलंय ना?”

“म्हणून तर.”

काटेसाहेब पुन्हा खाली गेले. केमिस्ट नोटीसच वाचत बसला होता. त्याने अदबीने चष्मा काढला. “साहेब, दुसरा संच कसा देऊ? ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर मालाचा उरलेला साठा विकू नये,’ हे तुमच्याच नोटिशीत खाली छापलंय. तुमची सही आहे. मी कायदा पाळणारा माणूस.”

नियम स्वतःच्या मानेवर बसला की किती जड असतो, हे काटेसाहेबांना तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. वर येऊन बघतात तर बायको हॉस्पिटलला फोन करून मोकळी. नर्सने सांगितलं होतं, की बाटल्यांची पद्धतही चालेल, पण आता एक मिनिट घालवू नका. आणि बायकोने दुसराही फोन केला होता.

“धाकटीकडे जास्तीचा संच आहे. भाऊजींनी दोन आणलेत, एक सांडला तर असावा म्हणून. ते घेऊन निघालेत.”

“ते म्हणजे? तो? स्वतः?”

साडू स्वतःच आला. त्याने सहाला पहिली बाटली घेतली होती, म्हणजे अशा अवस्थेत शहाण्या माणसाने दार सोडून पायरीवरही जाऊ नये. पण काटेसाहेबांना औषध नेऊन द्यायची संधी तो कशी सोडणार? स्कूटर जिन्यापाशी आडवी टाकून तो धापा टाकत वर आला, बाटल्या काटेसाहेबांच्या हातात कोंबल्या, “घ्या, लगेच घ्या, मी आलोच!” म्हणाला, आणि संडासात शिरून त्याने कडी लावली.

काटेसाहेबांच्या घरात संडास एकच. त्यांनी बाटली घेतली, वर मोजून पाणी प्याले आणि वाट बघत बसले. आतून साडूचं समालोचन चालू होतं. साडू पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, त्यामुळे द्रवाच्या पारदर्शकतेवर बोलायचा त्याला धंद्याचाच अधिकार होता. “साडूभाऊ, गढूळपणा निम्म्याने उतरला बरं का!” पंधरा मिनिटांनी, “आता थोडा गाळ आहे!” अर्ध्या तासाने काटेसाहेबांच्या पोटात ढग गडगडले.

“निघा आता,” ते दाराबाहेरून म्हणाले.

“निघालो असतो हो, पण निघवत नाही.”

शेवटी काटेसाहेबांना टॉवेल खांद्यावर टाकून एक मजला उतरावा लागला. मुख्याध्यापिकांनी दार उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि एका बोटाने दिशा दाखवली. आपल्या घरात आपल्या आधी साडू, आणि आपण परक्याच्या घरी! आतल्या थंडगार फरशीवर बसून काटेसाहेबांना रडू यायचंच बाकी होतं. बाहेरून मुख्याध्यापिकांचा आवाज आला, “एरंडेल घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.”

जाताना साडू जिन्यातून ओरडला, “पहाटे फोन करतो! रंग सांगायचा! पहिला कोण होतो बघू.”

पहाटे पाचला फोन वाजला. बायको आंघोळीला गेली होती. दुसरी बाटली टेबलावर उघडून ठेवलेली होती, काटेसाहेब नुकतेच संडासातून आले होते, आणि तिथली परिस्थिती अजून सूप गाळल्यासारखी होती.

“साडूभाऊ, काय रंग?” साडूचा आवाज ताजातवाना होता.

“तुमचा?”

“आमच्या यंत्रातून येतं ना, तसं! पलीकडे पेपर धरला तर अग्रलेख वाचता येईल. दुसरी बाटली आता संपवली. तुमचं?”

पोटात काही नसताना माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नाही. काटेसाहेब म्हणाले, “माझं रात्रीच तसं झालं.”

“रात्रीच?” साडू थांबला. “एकाच बाटलीत?”

“एकाच. दुसरीची गरजच नाही मला.”

पलीकडे साडू गप्प झाला. पूर्ण चार सेकंद! काटेसाहेबांनी ते मनातल्या मनात मोजले. तेवीस वर्षांत एवढं गोड काही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा त्यांना अगदी हलकं वाटत होतं. मग त्यांची नजर उघड्या बाटलीकडे गेली.

आता घेतली, तर बायकोला दिसणार. बायको ते बहिणीला सांगणार, बहीण नवऱ्याला, आणि ते चार सेकंद साडू व्याजासकट परत घेणार. न घेतली, तर बायको विचारणार. बाथरूममधला नळ बंद झाला. काटेसाहेबांनी बाटली उचलली आणि बेसिनमध्ये पालथी केली.

“घेतलीत ना?” बायको केस पुसत बाहेर आली.

“घेतली.”

“सगळी?”

त्यांनी रिकामी बाटली उलटी धरून दाखवली. खोट्या मापाबद्दल ज्यांनी शेकडो दुकानदारांना धारेवर धरलं, त्यांना हे जमलं याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

हॉस्पिटलमध्ये दोघांना मागून नाड्या बांधायचे सारखेच झगे मिळाले. साडूच्या झग्याच्या तिन्ही नाड्या शाबूत होत्या, काटेसाहेबांच्या झग्याला दोनच. साडेनऊला साडू आत गेला, हात हलवत. मग काटेसाहेबांचा नंबर आला. हाताला सुई टोचली. डोळे मिटता मिटता त्यांना दादा दिसले, शेवटच्या दिवसांतले, उशीवर बारीक झालेले. आणि तेवढ्यात त्यांना बेसिन दिसलं. त्यांना नर्सला काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ आधीच झोपली होती.

जाग आली तेव्हा ते पडद्याआडच्या खाटेवर होते. शेजारच्या खाटेवर साडू बसून बिस्किट खात होता. मधे बायको आणि मेहुणी उभ्या होत्या. डॉक्टर दोन कागद घेऊन आले.

आधी साडूचा कागद. “सुंदर तयारी. नऊपैकी आठ. असं आतडं रोज बघायला मिळत नाही.” डॉक्टरांनी रंगीत फोटो पुढे केले. गुलाबी, चकचकीत, ओलसर भिंती. दुसऱ्याच्या आतड्याचा हेवा वाटायची वेळ सहसा कुणावर येत नाही, पण काटेसाहेबांवर आली. ते मान उंचावून बघत राहिले.

“आणि हे इथे,” डॉक्टरांनी एका फोटोवर पेन ठेवलं. “मसुराच्या दाण्याएवढी गाठ होती. काढून तपासायला पाठवली आहे. बहुतेक काही निघणार नाही. पण या जातीच्या गाठी पाच-सात वर्षांत वाईट वळण घेऊ शकतात. इतकं स्वच्छ नसतं, तर मला दिसली नसती.”

मेहुणीने खाटेचा दांडा धरला. साडूचं बिस्किट हातातच राहिलं.

आणि काटेसाहेबांच्या मनात सगळ्यात आधी काय आलं? सांगायला लाज वाटते, पण आलं ते हे: सापडली तीही यालाच! दुखणं माझ्या घरातलं, भाऊ माझा गेला, आणि गाठ याच्या पोटात! मग त्यांनी साडूचा चेहरा पाहिला आणि त्यांचा तो विचार जागीच मेला.

डॉक्टरांनी दुसरा कागद उचलला. “तुमची तयारी नऊपैकी तीन. साहेब, दुसरा डोस किती वाजता घेतलात?”

चौघं त्यांच्याकडे बघत होते. उत्तर तर द्यावं लागणार होतं.

“बेसिनमध्ये ओतला,” ते म्हणाले.

“का?”

“यांना सांगून बसलो होतो, की माझं रात्रीच साफ झालं.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद उलटा करून खाटेवर ठेवला. “तुमच्या आतड्याचा निम्मा भाग मला दिसलाच नाही. तिथे तशी मसुराएवढी गाठ असेल, तर ती आज तिथेच आहे. पुन्हा करावं लागेल.”

डॉक्टर गेले. आता बायकोचा आवाज फुटला. “दादांना उशीर झाला म्हणून आलो ना आपण इथे? दीड वर्ष मी तुमच्या मागे लागलेय. रात्री तुम्ही कुशीवर वळलात तरी मला वाटायचं, पोटात दुखतंय की काय यांच्या! आणि तुम्ही बेसिनचं पोट साफ केलंत?”

काटेसाहेबांनी साडूकडे पाहिलं. आता हा हसणार, आणि हे पुढची तेवीस वर्षं पुरणार. पण साडू हसला नाही. हातातलं उरलेलं बिस्किट त्याने नुसतं बशीत ठेवलं. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं काटेसाहेबांना वाटलं.

आठवड्याने साडूच्या गाठीचा अहवाल आला. वाईट काही नव्हतं, वेळेत निघाली होती. त्याच संध्याकाळी काटेसाहेबांची दुसरी पूर्वतयारी होती. सहाला पाच मिनिटं असताना साडू दारात उभा. हातात नवा संच, आणि दुसऱ्या हातात त्याच्या दुकानातलं गाळलेलं पाणी.

“तुम्ही कशाला आलात?” काटेसाहेब म्हणाले.

“नजर ठेवायला. बेसिन माझ्या पाठीमागे राहील अशी खुर्ची द्या.”

काटेसाहेबांनी बाटली घेतली. मग पितळी मापाने मोजून पाण्याचे पेले भरले. त्यांच्या प्रत्येक पेल्याबरोबर साडूही एक पेला साधं पाणी पीत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पेल्याला साडू म्हणाला, “एक विचारू? सासरे तुमच्याकडेच का उतरतात हो?”

“म्हणजे?”

“माझ्याकडे दोन दारांचा फ्रिज आहे. पाहुण्यांची वेगळी खोली आहे. दर वेळी म्हणतो, या. येतात, चहा पितात, आणि बॅग तुमच्याकडे. तेवीस वर्षं बघतोय.” तो पेल्यात बघून बोलत होता. “तुमच्याकडे असेल ते माझ्याकडे पाहिजेच, असं झालं मग. ही तपासणी तरी काय? मला कोणी सांगितली होती? तुम्ही जाताय कळलं आणि राहवलं नाही. तुमच्यावर जळलो म्हणून वाचलो, साडूभाऊ.”

सासरे त्यांच्याकडे का उतरतात हे त्यांना माहीत होतं. घर एसटी स्टँडच्या जवळ होतं, एवढंच. पण हे सांगितलं असतं तर साडूचं तेवीस वर्षांचं दुःख एका वाक्यात फुकट गेलं असतं. ते म्हणाले, “मला वाटायचं, ते कौतुक तुमचं करतात.”

“माझं? माझ्याकडे आले की तुमचंच सांगतात. किती सचोटीचा माणूस म्हणून.”

सचोटी या शब्दावर काटेसाहेबांनी बेसिनकडे पाहिलं आणि चौथा पेला एका दमात संपवला. थोड्या वेळाने पोटात गडगडलं, ते उठले. साडूही उठला, तोही चार पेले पाणी प्याला होता. दोघं संडासाच्या दारात थबकले. मग साडू बाजूला झाला आणि टॉवेल उचलून मुख्याध्यापिकांकडे उतरला.

पहाटे पाचला दुसरी बाटली काटेसाहेबांनी बायकोसमोर उभं राहून घेतली, आणि रिकामी बाटली तिच्याच हातात दिली.

त्या दिवशी जाग आली तेव्हा खाटेपाशी तेच तिघं उभे होते. डॉक्टरांनी कागद पुढे केला. “काही नाही. एक ठिपकासुद्धा नाही. आणि तयारी नऊपैकी नऊ.”

बायको खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. काटेसाहेबांना दादांची आठवण आली. त्यांनी साडूकडे पाहिलं. साडू कागद हातात घेऊन तो आकडा बघत होता. आनंद तर त्याला झालाच होता, पण मधेच त्याची भुवई चढली.

“नऊ?”

“नऊ,” काटेसाहेब म्हणाले.

“डॉक्टर, माझी पुढची तपासणी कधी?”

“तीन वर्षांनी. गाठ निघाली ना.”

“आणि यांची?”

“पाच वर्षांनी.”

“म्हणजे आधी माझी!” साडूचा चेहरा खुलला. “आणि या वेळी नऊ काढतो की नाही बघा.”

काटेसाहेब उशीवरून उठून बसले. “डॉक्टर, माझीही तीनच वर्षांनी ठेवा.”

“का? गरज नाही हो.”

“त्या संध्याकाळी यांच्यासमोर पेला घेऊन मला बसावंच लागणार आहे,” काटेसाहेब म्हणाले. “औषध हे पिणार आणि मी नुसतं साधं पाणी? ते काही जमायचं नाही.”